गाडी बघायला नेलेलं हरीण

डेल गाडीच्या मागच्या हौद्यात आडवा झाला, जीभ बाहेर काढली आणि म्हणाला, "मेलो. बघा आता, मावतोय का."

पाय बाहेर राहिले.

शिकारीचा हंगाम उघडायला अजून आठवडा होता, तेव्हा खरं हरीण आणणार कुठून? आणि हरीण घालून बघितल्याशिवाय कांगस कुटुंबात कोणी जंगलात न्यायची गाडी घेत नाही. डेल हा वेन कांगसचा मेहुणा, वजनानं थेट मोठ्या नराएवढा. मागे ट्रेलर घेतला तेव्हाही तोच मेला होता.

दुकानदार नॉर्मला यात काही नवल वाटलं नाही. "मागच्या महिन्यात एकजण सासऱ्यांना घेऊन आला होता," तो म्हणाला. "अस्वलासाठी."

वेन गाडीभोवती फिरत होता. उंच चाकं, वाळक्या पानांचा रंग, इंजिनाचा आवाज असा की छातीत घुमावा. "दलदलीतून जहाजासारखी जाईल ही," तो म्हणाला.

"सीटा दोन," त्याची बायको डार्लीन म्हणाली. "माणसं चार."

"डेल मागे बसेल."

"मागे हरीण आहे."

"डेलच हरीण आहे."

"आत्ता आहे. जंगलात तो माणूस असतो, वेन."

हौद्यातून चावण्याचा आवाज आला. डेलनं खिशातली मांस-बटाट्याची पेस्टी काढली होती.

"मेलेलं हरीण खात नाही, डेल्या," वेनची आई लेम्पी म्हणाली.

ती काठी टेकून बर्फात उभी होती. वसंतात तिचा गुडघा नवा बसवला होता. जुन्या गुडघ्यापायी गेल्या हंगामात ती घरी राहिली, लग्नानंतर पहिल्यांदाच. डॉक्टरांनी यंदा जंगलात जायला हरकत घेतली नव्हती, पण त्यांच्या शिकारीच्या खोपटापर्यंतच्या चिखलाच्या वाटेवर चालायचं नाही म्हणाले होते. म्हणजे गाडीत बसता आलं तर जंगल, नाही तर घर. याबद्दल ती कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. फक्त दुकानात येताना शिकारीचं नारिंगी जाकीट घालून आली होती.

तिनं काठी डार्लीनकडे दिली आणि पाय उचलला. गाडीची कड तिच्या कमरेशी होती. तिनं दुसरा पाय उचलून बघितला. कड तिथंच होती.

"आई, मी उचलतो," वेन पुढे झाला.

"उचलतात ते हरणाला," लेम्पी म्हणाली. "मी अजून जिवंत आहे." काठी घेऊन ती बर्फ ढकलायच्या यंत्रांकडे वळली. "घ्या तुम्हाला हवी ती. मी घरी रेडिओ ऐकेन."

हरणानं पेस्टी खायचं थांबवलं.

वेननं त्या गाडीच्या उंच चाकावरून हात फिरवला. मग म्हणाला, "गेल्या वर्षी माझा नेम दोनदा चुकला."

"माहितेय," डार्लीन म्हणाली.

"शर्ट अख्खा घरी आला."

त्यांच्या खोपटात ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचा खालचा तुकडा, कापून भिंतीला ठोकतात. कापते लेम्पी, आधी छोटंसं भाषण करून. भिंतीवर बहुतेक वेनच आहे. गेल्या वर्षी तिघांनी कात्री हातोहात फिरवली, एकमेकांकडे बघितलं आणि परत खुंटीला लावली.

"शर्ट अख्खा असला की फार वाईट वाटतं गं," वेन म्हणाला. मग नॉर्मकडे वळला. "ती पिवळी दाखव."

पिवळी म्हणजे शाळेची बस धुतल्यावर आटून लहान झाली असावी तशी होती. चार सीटा, वर छप्पर, बुटकी.

"हरणांना पिवळा लांबून दिसतो," नॉर्मनं प्रामाणिकपणे सांगितलं.

"दिसू दे."

लेम्पीला हाका मारल्या तर येईना. डेल गारठतोय म्हटल्यावर आली. तिनं पाय उचलला. वीतभर कमी पडला. सगळे दुसरीकडे बघायला लागले. वेननं तर आभाळ एवढं बारकाईनं तपासलं की नॉर्मही वर बघू लागला.

तेव्हा हरीण उठलं. तोंड पुसून खाली उतरलं, पिवळ्या गाडीच्या दाराशी आलं आणि चार पायांवर उभं राहिलं.

"या, लेम्पीमावशी."

"पाठ धड आहे ना रे तुझी?"

"मेल्यावर काय फरक पडतो?"

लेम्पीनं त्याच्या पाठीवर पाय दिला, छपराचा दांडा धरला आणि वर गेली. कोणीही न उचलता. बसली ती थेट स्टिअरिंगमागे.

"पायरी वेगळी मिळते," नॉर्म म्हणाला. "आजच बसवून देतो."

"कशाला? आहे की," लेम्पी म्हणाली.

"बसवा," खालून आवाज आला.

"आई, हे बघ, ब्रेक इथं—" वेननं सुरुवात केली, पण किल्ली फिरली होती. पिवळी गाडी आवारातून निघाली, बर्फाच्या ढिगाऱ्यावर चढली, पलीकडे उतरली आणि दुकानामागच्या पाईनच्या झाडीत शिरली. नारिंगी जाकीट तेवढं जरा वेळ दिसत राहिलं.

"आई!" वेन धावत ओरडला. "हंगाम पुढच्या आठवड्यात आहे!"

झाडीतून हॉर्न वाजला. मग आणखी एकदा, लांब.

आणि झाडीतून तीन हरणं जीव घेऊन बाहेर पडली. गाड्यांच्या रांगेमधून उड्या मारत, त्यातलं एक चक्क डेलच्या डोक्यावरून, ती हायवे ओलांडून पार दिसेनाशी झाली.

"ह्यांना काय झालं?" नॉर्मनं विचारलं.

वेन ढिगाऱ्यावर उभा राहून हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता.

"गेल्या वर्षी," तो म्हणाला, "फार निवांत चरली होती ही हरणं."