कडीवाली बुलबुल

पिशवी रिकामी होती. ऋतानं ती उलटी करून पाहिली, शिवणीत बोट घालून पाहिलं. एक राखाडी पीस आणि थोडी ओली विष्ठा, बाकी काही नाही.

गाडीतून रक्त तपासायच्या नव्या काचपट्ट्यांचं खोकं आणायला ती गेली होती. जेमतेम चार मिनिटं. तेवढ्यात दोरीवर टांगलेल्या कापडी पिशवीची नाडी कुणीतरी सोडली होती. कुणी, हे विचारायची गरज नव्हती. पद्मावतीआक्का अंगणाच्या मधोमध उभ्या होत्या. नुकत्याच बस्तीतून, जैन मंदिरातून, आलेल्या, कपाळाचं गंध अजून ओलं.

"तडफडत हुती की गं," आक्का म्हणाल्या. "आज चतुर्दशी हाय. माझ्या दारात जीव बांधून ठिवायचा न्हाय. सोडलो."

गडमुडशिंगीतल्या या घराच्या अंगणात पक्षी धरायचं जाळं लावायला आक्कांच्या मुलानं, अभिनंदननं, आनंदानं होकार दिला होता. आईच्या कानावर घालायचं तेवढं राहून गेलं असावं. आजवर ऋता यायची तेव्हा आक्का बस्तीत असत आणि त्या परतायच्या आत पिशव्या गुंडाळून झालेल्या असत. आज त्या लवकर परतल्या होत्या. ऋता तारीख बघून येई. तिथी बघायचं तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

पिशवीत लालबुड्या बुलबुल होती. पायात बारीक कडी, कडीवर एक्केचाळीस हा आकडा. गेल्या वर्षी याच अंगणात ऋतानं तिच्या पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींमागून पेशी परजीवींनी भरलेल्या दिसल्या, माणसाच्या हिवतापाचे असतात त्याच कुळातले. ही आठवडाभरही काढणार नाही, असं ऋतानं तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं.

दोन वर्षांत शहरातल्या आणि शहराकडेच्या एकशे अठ्ठ्याऐंशी पक्ष्यांना तिनं कडी घातली. मंगळवार पेठेतल्या गच्च्यांवर पहाटेपासून बसली. कालपर्यंत कडीवाला एकही पक्षी पुन्हा जाळ्यात आला नव्हता. लागण झालेल्या पक्ष्याचं पुढं काय होतं, या एका प्रश्नापायी तिचा शोधनिबंध दोनदा परत आला होता. आज सकाळी सव्वासातला त्याचं उत्तर तिच्या मुठीत होतं, धडधडत. आणि वनखात्याचा परवाना आज संपत होता. मागच्या वेळी तो मिळायला चौदा महिने लागले होते.

खरं तर एक काचपट्टी हाताशी होती. तिच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, एवढंच. हिच्यासाठी कोरी पट्टी हवी, असं ऋतालाच वाटलं होतं.

शेवग्यावर बुलबुल बोलली. ऋतानं दुर्बीण लावली. तीच होती. पिसं सारखी करत बसली होती आणि पायातली कडी उन्हात चमकत होती. खाली जाळं वाऱ्यानं फुगलं होतं. आता ते आंधळ्या पक्ष्यालाही दिसलं असतं.

"तपासून झाल्यावर तू तिचं काय करणार हुतीस?" आक्कांनी विचारलं.

"सोडणार होते."

"मग?"

ऋतानं एकेक शब्द सुटा करत सांगितलं की ही बुलबुल गेल्या वर्षी मरायला टेकली होती, तिच्या रक्तात रोगाचे जीव होते, ते अजून आहेत की गेले हे बघायचं होतं आणि बघायला एक थेंब पुरला असता. बोलता बोलता तिचा आवाज चढला.

"अजून असतील तर औषध देणार हुतीस व्हय?"

"नाही."

"मग बघून काय करणार?"

"लिहिणार."

बुलबुल उडाली, उसाच्या फडावरून बांधकामं चालली होती तिकडं गेली आणि ठिपक्याएवढी होऊन दिसेनाशी झाली. ऋता खाली बसली. खोक्याचं झाकण तिनं उघडलं, कोऱ्या काचांच्या रांगेकडं पाहिलं आणि परत लावलं. ते नीट बसेना. दोनदा दाबलं तरी बसलं नाही, तेव्हा तिनं खोकं फरशीवर आपटलं. आत काहीतरी फुटलं.

तो आवाज आक्कांना लागला असावा. त्या घरात गेल्या. बराच वेळ आत पाणी वाजत होतं. मग पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि ऋताच्या समोर उकिडव्या बसल्या.

"मी सोडलो ते बरुबरच हाय," त्या म्हणाल्या. "पर तुझं नुकसान माझ्या हातनं झालं. थेंबभर रगत पायजे न्हवं तुला? माझं घे."

ऋता म्हणाली, तसं चालत नाही, आक्का.

आक्कांनी ऐकलं नसल्यासारखं बोट पुढं केलं. धुतलेलं, सुरकुतलेलं, अजून ओलं. आणि सुई टोचताना बघायला नको म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.