आपत्कालीन थांबा

"आपत्कालीन थांबा कोठे शे?" मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून शीलानं विचारलं.

रमिलाबाईनं जरा विचार केला आणि कापसाच्या जिनिंगच्या फाटकाबाहेर बोट दाखवलं. तिथं चिंचेला 'विनंती थांबा' अशी पाटी होती. हात केला तर शहाद्याची एसटी थांबे, नाही तर धूळ उडवून निघून जाई.

"मानूस आजारी पडना तं गाडी तठे थांबस," रमिलाबाईनं समजावूनही सांगितलं.

मॅनेजर धर्मेंद्र खो खो हसला. लाइनीची मुकादम असलेल्या शीलाला मात्र घाम फुटला. कालपर्यंत रमिलाबाई सरकीची घमेली उचलत होती. आज तिला रोलरसमोर उभं राहून कापूस घालायचा होता. रोलरला कापूस काय, पदर काय आणि बोटं काय, सगळं सारखंच. काही अडकलं की खांबावरचं लाल बटण दाबायचं, लाइन बंद. त्या बटणाला प्रशिक्षणाच्या ॲपमधली बाई शुद्ध मराठीत 'आपत्कालीन थांबा' म्हणत होती.

"ताई, बठ्ठ्या बाया पास शेतस," धर्मेंद्रनं मोबाइल पुढे केला. "शंभर टक्के. दुपारले माल लेनारी पार्टी ई ऱ्हायनी, तिले हाईच दखाडनं शे."

ॲप मोठं दयाळू होतं. उत्तर चुकलं तर पुन्हा दाबा म्हणे, तेही चुकलं तर पुन्हा. हिरवी खूण येईपर्यंत दाबत राहिलं की माणूस प्रशिक्षित. धडगावकडच्या डोंगरातल्या, पावरी बोलणाऱ्या या बायकांनी ऑफिसात बसून तेच केलं होतं. बटणाच्या चित्रावरही त्यांनी बोट ठेवलं होतं, पण ते काचेवर.

"मी हिले मशीनवर उभी करनार नही," शीला म्हणाली.

"इतला व्हिडिओ दखाडा, तरी समजत नही? पालथा घडा शे नुसता."

"घडा पालथा नही शे, साहेब. तुम्ही पानी मोबाइलमा वती दिधं."

धर्मेंद्रचं हसू गेलं. "उभी कर तिले. नही तं तू घर जाय."

भर हंगामात मुकादमी गेली तर दुसऱ्या जिनिंगमध्ये कोण उभं करणार होतं? पण तिला भीतीपेक्षा राग जास्त आला. आपल्या हाताखालच्या बाईचा हात रोलरमध्ये गेला, तर मोबाइलातली हिरवी खूण तो काढून देणार होती काय?

तिनं रमिलाबाईचं मनगट धरलं आणि तिला थेट खांबापाशी नेलं.

"हाई दाब. एक बोट नही, आख्खा तळहात."

रमिलाबाईनं मॅनेजरकडे पाहिलं.

"तिकडे नको दखू. दाब."

तिनं दाबलं. रोलर थांबले, पट्टे थांबले, सगळी लाइन गप्प झाली. एवढं मोठं धूड आपल्या हातानं गप्प बसलं हे बघून रमिलाबाईनं तळहात उलटून पाहिला.

"चालू करा रे!" धर्मेंद्र ओरडला. "पार्टी फाटकवर उनी. बाया, आपापली जागावर!"

मोटर पुन्हा घरघरली. बाहेर गाडीचं दार वाजलं. धर्मेंद्र शर्ट नीट करत फाटकाकडे निघाला. शीला पुढे होणार, तोच खटका वाजला आणि लाइन परत बंद पडली. या वेळी रमिलाबाईला कोणी सांगितलं नव्हतं.

धर्मेंद्र गर्रकन वळला. रमिलाबाई खांबाला पाठ लावून उभी होती. तिनं धर्मेंद्रकडे पाहिलंच नाही. सरकीच्या ढिगाकडे तोंड करून तिनं तिथं घमेलं भरणाऱ्या धनुबाईला पावरीत हाक मारली आणि बटणावर थाप मारून दोन वाक्यं सांगितली. शीलाला पावरी येत नव्हती. पण त्यात 'थांबा' हा शब्द कुठंच नव्हता, एवढं तिला कळलं.

धनुबाईनं घमेलं खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि ती तळहात पुसत खांबाकडे चालू लागली. तिच्या मागं बाकीच्या बायकाही निघाल्या.