कोरडे मणी

घामाने अप्पांच्या कानातल्या मशीनची पुन्हा दातखीळ बसली, तसा लेकीचा पारा चढला. लॅबमध्ये रसायनांतलं पाणी टिपायला वापरतात, त्या मण्यांची डबी तिने आणून दिली होती. रात्री मशीन डबीत ठेवायचं, एवढंच तर काम. मणी आता पाणी पिऊन तट्ट झाले असतील, असं वाटून तपासायला तिने चार मणी ओल्या तळव्यावर घेतले. चटका बसला. पाणी लागताच असे तापतात ते कोरडे ठणठणीत मणीच; यांनी अजून थेंबही चाखला नव्हता.

ती त्यांच्या कानाशी ओरडली, "अप्पा, डबी एकदा तरी उघडलीत का?"

अप्पांनी अंथरुणाला खिळलेल्या तिच्या आईकडे पाहिलं. "रात्री मशीन काढून ठेवलं, तर ही पाणी मागते ते मला ऐकू कसं येणार?"