दारातलं कासव

मेलेलं कासव अजून तिच्या केबिनच्या दारातच होतं. सकाळी ते जाळ्यात गुदमरून मेलं. तेव्हाच समुद्रात ढकलायचं, तर कोणी ढकललं नाही. उलट ती जेवून परतली तोवर ते आणखी अलीकडे सरकवलेलं. आत जायचं तर ओलांडूनच जावं लागलं.

धमकी होती ही, दुसरं काय?

एका पर्यावरण संस्थेने तिला निरीक्षक म्हणून पाठवलं होतं. या बोटीवर आलेली पहिलीच. जाळ्यात कासवं मरत नाहीत अशी खात्री होऊन संस्थेने होकार दिला तरच इथल्या मासळीच्या पाकिटावर हिरवा शिक्का बसणार, आणि शिक्क्याशिवाय मोठी दुकानं मासळीला हात लावत नव्हती. थोडक्यात, पंधरा जणांच्या पोटावर पाय द्यायचा आणि त्यांच्याच हातचं जेवायचं. किनारा आठवडाभर लांब. केबिनला कडी होती, पण ती लागत नव्हती.

कालपर्यंत "ताई, मीठ बरोबर आहे ना?" असं विचारणाऱ्या स्वयंपाक्यानेही आज मुकाट्याने ताट ठेवलं होतं. जाताना त्याने आधी तिच्या दारातल्या कासवाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. 

खरं लिहावं तर जिवाची भीती, खोटं लिहावं तर मन खाणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी जीव जिंकला. तो बहुतेक वेळा जिंकतोच. 'कासव आढळलं नाही' असं लिहून तिने अहवाल पाठवून टाकला. पाठवलेला अहवाल पुन्हा बदलता येत नसे. निरीक्षकाला कोणी दमदाटी करू नये म्हणून संस्थेनेच तशी सोय केली होती.

दार वाजलं. बाहेर बोट हाकणारा तांडेल उभा, मागे सगळे खलाशी. 

"ताई, लिहिलंत का?"

"लिहिलं. कासव सापडलंच नाही म्हणून कळवलंय," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

कोणाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला नाही. स्वयंपाकी मटकन खाली बसला.

"अहो, काय केलंत हे!" तांडेलाचा आवाज चिरकला. "कासवं सुटून जायला जाळ्यात खिडकी बसवा म्हणून किती वर्षं बोटीच्या मालकाच्या पाया पडतोय आम्ही. तोंडाने तुम्हाला सांगावं, तर तो उद्या आम्हाला घरी बसवेल. म्हणून तर कासव तुमच्या दारात ठेवलं. आमचं कोण ऐकतं, ताई? तो म्हणतो, संस्थेने लिहून दिलं तरच बसवीन."