ठमीचा ताप

लेकीच्या सासरी उगाच फोन करायचा नाही, हा गुणवंतरावांचा नियम. क्षितिजा लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हापासून शुभदाताईंनी एसटीडी बूथचं नाव काढलं की ते म्हणायचे, "काही कारण असलं तर करू."

रविवारी त्यांना क्षितिजाची मांजर एकदम मलूल वाटायला लागली. शुभदाताईंनी ठमीला जुन्या टॉवेलात गुंडाळून धरलं. गुणवंतरावांनी थर्मामीटरला व्हॅसलीन लावलं आणि क्षितिजा घ्यायची तसा शेपटीखालून ताप घेतला. ठमीने दोघांनाही ओचकारलं. पारा एकशे दोनवर होता.

"चपला घाल," ते शुभदाताईंना म्हणाले. "नाशिकला फोन लावायला हवा."

सिल्व्हर पार्कच्या बूथवरून फोन लागला. विहीणबाईंना त्यांनी मांजरीचा ताप सविस्तर सांगितला. मग क्षितिजा फोनवर आली.

"अहो बाबा, मांजरीला एकशे दोन नॉर्मल असतं. मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"हो, सांगितलं होतंस," गुणवंतराव म्हणाले आणि रिसीव्हर शुभदाताईंच्या हातात दिला.

"घे. बोल आता निवांत."