ठकीसाठी विणलेला स्वेटर

"आजी, माझ्यासाठी पण विणशील?" भोवऱ्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लोकरीचा गुंडा बाकाखाली पळवला.

"तुझ्यासाठी छडी विणते. आण इकडे!"

वर्ग हसला. शाळेचा शेवटचा दिवस होता. भिंतींवरची चित्रं उतरवली होती, चिकटपट्टीचे डाग तेवढे उरले होते. पहिलीची पोरं आपापल्या पिशव्या भरत होती, म्हणजे एकमेकांच्या रिकाम्या करत होती.

आजी इथे पगारी नव्हत्या. पोरांचं वाचन ऐकायचं, नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या, हे काम त्यांनी आपणहून फुकट पत्करलं होतं. परदेशात येऊन म्हातारीला हे काय खूळ, असं शाळेतल्यांना वाटत असेल. इथली भाषा त्यांना मोडकीतोडकी येई, पण पोरांचं काही अडत नसे. 'आजी' हा शब्द मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाकडून घोटून घेतला होता. ऐकायचा होता तो एकाच तोंडून.

खरं कारण फक्त भाचीला ठाऊक होतं. आजींच्या मुलाने इथेच लग्न केलं, आजींनी रागाच्या भरात संबंध तोडले, आणि तोडलेलं सांधायच्या आत मुलगा अपघातात गेला. सुनेला त्यांनी पाहिलं होतं ते फोटोत. फोन केला तर "आता तुमचं आमचं काही नातं नाही" म्हणून तिने तो ठेवून दिला. नातवंड या शाळेत पहिलीत आहे, एवढं भाचीने कुठून तरी काढलं. मुलाचं आडनाव लावणारं एकही पोर वर्गात नव्हतं. सुनेने स्वतःचं लावलं असणार, आणि ते आजींनी कधी विचारलंच नव्हतं.

पण आडनाव हवं कशाला? आजींनी ठकीला पाहिलं आणि ओळखलं. हसली की डाव्या गालाला खळी, थेट मुलासारखी. बसवलं तिथे बाहुलीसारखी बसणारी, म्हणून त्यांनीच तिला ठकी नाव दिलं. तिला न्यायला रोज सांभाळणारी बाई येई.

"आई कामावर असते," ठकी सांगे.

"आणि बाबा?"

"लांब गेलेत."

आजींनी पुढे विचारलं नाही. त्या दिवशी मोरीत जाऊन, नळ मोठा सोडून त्या पोटभर रडल्या.

"अगदी माझ्या मुलाचा स्वभाव उचललाय," घरी येऊन त्या भाचीला म्हणाल्या. "गाईसारखा गरीब."

"कोण, दादा?" भाचीला हसू आवरेना. "मावशी, त्याला पलंगाला बांधून तू बाजारात जायचीस!"

"काहीतरीच बोलतेस."

आजींना तसलं काही आठवत नव्हतं.

भोवऱ्याचं नावही त्यांनीच ठेवलेलं. शाळेच्या बसने यायचा-जायचा. एका जागी क्षणभर ठरेल तर शपथ. आजींचा चष्मा लपव, खुर्चीवर चढून त्यांच्या गळ्यात पड, गोष्ट चालू असताना मध्येच शेवट सांगून टाक. हाकलावं तेवढा जास्त चिकटायचा. मागच्या आठवड्यात तर त्याने कहर केला. ठकीच्या स्वेटरची जवळजवळ पुरी झालेली बाही निळ्या रंगाने भरलेल्या डब्यात बुडवली. आजींचा तोल गेला. त्याला वर्गाबाहेर उभं करून त्या तडक वर्गाच्या बाईंकडे गेल्या.

"असलं पोर शाळेत ठेवूच नका. ठकीसारख्या मुलींनी काय करायचं?"

बाईंकडे त्याच्या कागाळ्या आधीच साचल्या होत्या. "शेवटच्या दिवशी त्याच्या आईला बोलावते," त्या म्हणाल्या. "तुम्ही समोरासमोर सांगा. पुढच्या वर्षी त्याला ठेवायचं की नाही, ते मग ठरवू."

आजींना बरं वाटलं. शाळा संपली की दुसऱ्याच दिवशी त्यांचं विमान होतं, व्हिसा संपत आला होता. पुन्हा येणं या वयात कुठलं जमायला? जाण्यापूर्वी नातीच्या वाटेतला काटा काढावा, एवढंच त्यांच्या हातात राहिलं होतं.

बाही उसवून नव्याने विणली होती. शेवटची गाठ मारून त्यांनी स्वेटर ठकीला घातला. अगदी बेतात बसला.

"छान आहे, आजी," ठकी म्हणाली.

त्यांनी तिला जवळ घेतलं. वर्षभराची मेहनत फळाला आली. बाकाखालून भोवरा टकमक बघत होता.

"माझा कुठाय?"

"तुझी आई येतेय ना, ती देईल तुला काय द्यायचं ते."

भोवरा गुंडा घेऊन बाकाखाली एका जागी बसून राहिला. वर्षभरात पहिल्यांदाच.

दुपारी पालक यायला लागले. गलबला वाढला. आणि दारात एक बाई येऊन थांबली. कामावरून धावत आलेली, गळ्यात ओळखपत्र तसंच, केस विस्कटलेले.

आजींच्या हातातल्या सुया खाली पडल्या. फोटोतलाच तो चेहरा, थोडा ओढलेला. सून!

सांगून टाकावं? पाय धरावेत तिचे? नको. पोरीचा हसरा दिवस कशाला नासवायचा? त्यांनी ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला हलकेच पुढे ढकललं.

"जा बाळा. आई आली बघ."

ठकीने दाराकडे पाहिलं, मग आजींकडे पाहिलं. ती जागची हलली नाही.

सून ठकीच्या शेजारून पुढे गेली, बाकाशी वाकली, आणि भोवऱ्याला दंडाला धरून तिने बाहेर काढलं. लोकरीचा गुंडा त्याने पोटाशी घट्ट धरला होता.

बाईंनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या.

"बरं झालं आलात," त्या सुनेला म्हणाल्या आणि वळल्या. "हं, आजी. याला शाळेत का ठेवू नये, ते आता याच्या आईला सांगा."