वळणावरची सायकल

“थांबव! अरे, थांबव गाडी!”

पुतण्याने करकचून ब्रेक दाबला. मागून आलेली धूळ खाली बसायच्या आत सायकलवाले आजोबा जीपमधून उतरलेही होते.

वळणावरच्या झाडाला एक निळी सायकल टेकून उभी होती. कुलूप नाही, आसपास चिटपाखरू नाही. मडगार्डवरचा पांढरा आकडा आजोबांच्याच हातचा होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना घर खायला उठलं, तेव्हा शहरात दारोदार फिरून त्यांनी जुन्या सायकली मागून आणल्या, अंगणात बसून त्यांना तेलपाणी केलं आणि लांबच्या वस्त्यांवरच्या मुलांना वाटल्या. त्यातलीच ही एक.

“पाहिलंस? रस्त्यात टाकून दिली!”

“असेल कोणीतरी इथंच, काका. आडोशाला गेलं असेल.”

त्याने दोनदा हॉर्न वाजवला. कोणी आलं नाही.

“फुकट ते पौष्टिक, दुसरं काय,” पुतण्याही शेवटी म्हणाला.

आजोबांना मघाशी वाटेत मागे टाकलेली मुलगी आठवली. चिमुरडी, गणवेशातली, छातीशी पॅड धरून झपाझप चाललेली. पुतण्याने गाडी हळू केली, तर तिने हसून ‘चला, चला’ असा हात केला होता. आता आजोबांचा राग दुप्पट झाला.

“एक पोर परीक्षेच्या दिवशी वाट तुडवत येतंय आणि इथं सायकल झाडाखाली गंजतेय! चढव मागे. ही मी त्या मुलीला देणार. तेही सगळ्या शाळेसमोर. कळू दे एकदा!”

शाळेच्या अंगणात पहिली घंटा होऊन गेली होती. मुख्याध्यापिकाबाई किल्ली घेऊन फाटकाशीच उभ्या होत्या. दुसरी घंटा झाली की कुलूप. मग पेपर बुडाला, आणि पेपर बुडाला की वर्ष बुडालं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आजोबांनी सायकल अंगणाच्या मधोमध उभी केली.

“ही कोणाची?”

नळावर पाणी पिणारी एक मुलगी तोंड पुसत पुढे आली. “माझी, आजोबा.” आणि मग तिचा चेहराच उतरला. “ही इथं कशी आली?”

“मी आणली. टाकून दिलेली वस्तू कोणीही उचलतं. आता ती चालत येणाऱ्या एका मुलीला मिळेल.”

मुलीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती फाटकाबाहेर बघत होती.

“टाकली नव्हती. ठेवली होती. धाकटीसाठी.”

“म्हणजे?”

“तुम्ही घरटी एकच दिली ना. आणि डबलसीट बसणार नाही, अशी सगळ्यांकडून शपथ घेतलीत. म्हणून झाडापर्यंत मी चालवते. तिथे ती ठेवून मी पाऊलवाटेने चालत येते. धाकटी झाडापर्यंत चालत येते आणि पुढे सायकलवर. घरी जाताना उलटं.” ती रडकुंडीला आली. “तिचापण पेपर आहे, आजोबा. आता ती कशावर येणार?”

आजोबांचा हात नकळत सायकलच्या सीटमागे गेला. तिथे कॅरिअर नव्हतं. घरचे लोक सायकलवर ओझी लादतील, म्हणून सगळ्या सायकलींची कॅरिअर त्यांनीच काढली होती. त्या कॅरिअरची गोणी शाळेच्या अडगळीत अजून पडून होती.

“बाई, थोडं थांबाल?”

“दुसऱ्या घंटेपर्यंत फाटक उघडं आहे, सर. पुढचं माझ्या हातात नाही.”

“मीपण येते!” मोठी जीपकडे धावली.

“तू वर्गात जा. एकीचं नुकसान पुरे झालं.”

पुतण्याने गाडी कधी वळवली तेही कळलं नाही. वाटेत तो एवढंच बोलला, “काका, म्हणूनच ती हसून हात करत होती...”

झाडाखाली पॅड पडलं होतं. धाकटी पलीकडच्या झुडपात शिरली होती. हातांवर काट्यांचे ओरखडे, केसांत काटक्या.

“बाळ, चल लवकर! गाडीत बस.”

“नाही येणार. सायकल हरवलीय.” तिने नाक पुसलं. “माझ्या पाळीत हरवली. ताईला काही बोलू नका.”

“सायकल शाळेत आहे गं. ताईजवळ आहे. शपथ.”

धाकटीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. शपथ म्हटल्यावर तिला पटलं. तिने पॅड उचललं आणि ती जीपमध्ये चढली.

परतताना पुतण्या खड्डे चुकवत नव्हता. आजोबांनी पुढची दांडी घट्ट धरली होती. शेवटचं वळण आलं. फाटक अजून उघडं होतं. व्हरांड्यात शिपायाने घंटेवर मारायला हात उचलला होता, आणि बाई त्याला नजरेने थोपवत होत्या.

धाकटीने उडी मारली, चार पावलं पळाली आणि गर्रकन मागे वळली.

“आणि चोर, आजोबा? चोर सापडला का?”

पुतण्या समोरच्या काचेकडे बघत राहिला.

“सापडला,” आजोबा म्हणाले. “तुझा पेपर सुटेपर्यंत तो तुमच्या सायकलला कॅरिअर लावत बसणार आहे. पळ!”